कासवाचं सोंग

आमच्या भागात मंडईच्या दंडारीत कोल्ह्याचं काम कोणी करायचं, यावरून भांडण झालेलं मला आठवत नाही. कोल्हा कोणाचा आहे, यावरून मात्र डोकी फुटायची वेळ कितीदा तरी आली. आणि दर वेळी लोकांनी बोट माझ्याकडे दाखवलं, कारण तो कोल्हा मी लिहिलेला असायचा.

एकतीस वर्षं मी जनावरांची सोंगं लिहिली. पोट धानाच्या शेतीवर चालायचं, तरी बायको लिहिण्यालाच माझा धंदा म्हणते, कारण माझं डोकं शेतात कधी नव्हतंच. तिरोड्याजवळच्या आमच्या गावात मला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत मी एक दिवसही शिकवलेलं नाही. दंडार बसवणाऱ्याला आमच्याकडे मास्तरच म्हणतात आणि मीही ते कधी दुरुस्त करायला गेलो नाही. फुकटचा मान कोण सोडतो?

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. दिवाळी झाली की गोंदिया-भंडाऱ्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे एका दिवसाची जत्राच. धान कापणीला आलेलं असतं, लेकी माहेरी आलेल्या असतात, घरोघरी पाहुणे असतात. भरदुपारी, गावातल्या मोकळ्या जागेत, ढोलकीवर दंडार उभी राहते. गाणी, नाच आणि मधे मधे सोंगं. ही सोंगंच गावाला हवी असतात, कारण वर्षभर जे तोंडावर बोलता आलं नाही ते त्या दिवशी बोलता येतं. फक्त माणसाच्या तोंडून नाही बोलायचं.

याचं कारण साधं आहे. गावात सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. सरपंच एकाचा साळा असतो, दुसऱ्याचा व्याही. त्याचं नाव घेऊन बोलाल तर संध्याकाळी त्याच्याच घरी जेवायला कसे जाल? म्हणून कोल्हा आणायचा. कोल्हा रेशनच्या धान्यावर बसला, बगळ्याने माशांची सहकारी संस्था काढली, लांडग्याने मेंढ्यांना विमा विकला. लोक पोट धरून हसतात आणि सरपंचही हसतो, कारण त्याला हसावंच लागतं. जो उठून विचारेल की हा मी आहे का, तो कोल्हा ठरला. या एका नियमावर माझा सगळा धंदा चालला.

दुसरा नियम खुणेचा. माणूस ओळखू यावा म्हणून जनावराला त्याची एकच खूण द्यायची. तो डाव्या खांद्यावर दुपट्टा टाकत असेल तर कोल्ह्यालाही डाव्या खांद्यावर दुपट्टा द्यायचा आणि तिथेच थांबायचं. वर त्याच्यासारखा चष्मा लावला की काम बिघडलं. एक खूण म्हणजे गंमत, दोन खुणा म्हणजे पुरावा. दोनदा मार खाता खाता वाचलो, तेव्हा हे शिकलो.

तिसरा नियम माझा स्वतःचा होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. कोणतं जनावर आणणार आहे हे मी गिऱ्हाइकाला आधी सांगत नसे. ज्यांनी सोंग सांगितलं तेसुद्धा मंडईच्या दिवशीच बघायचे. सांगितलं की बातमी फुटते आणि बातमी फुटली की ज्याच्यावर सोंग आहे तो पाहुणचाराला गोंदियाला निघून जातो. रिकाम्या खुर्चीवर सोंग करण्यात काय मजा? हा तिसरा नियम मला पुढे चांगलाच भोवला. त्याकडे येतोच.

मुखवटे घरीच व्हायचे. मातीच्या साच्यावर कागदाच्या लगद्याचे थर, लगद्यात मेथ्यांची पूड म्हणजे कीड लागत नाही, वरून जुन्या धोतराच्या पट्ट्या आणि भाताच्या पेजेची खळ. लगद्याला वर्तमानपत्रं लागायची. पुढाऱ्यांचे फोटो भिजत घालताना माझी बायको म्हणायची, "आधी हे चांगले भिजू द्या, मंग जनावर नीट बनते." माझ्यापेक्षा तिची जीभ तिखट आहे. लिहायचं तिने आणि लगदा कुटायचा मी, असं असतं तर दंडार आणखी चालली असती.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार भेटली. गोंदियाचे एक शेठ निवडणुकीला उभे राहणार होते. गाडीतून उतरले आणि बसायच्या आधीच म्हणाले, "मास्तरजी, अपने को शेर बनाव. बाकी तुमाले जे करायचं ते करा." मी म्हटलं, शेर आमच्या जंगलात नाही, वाघ आहे. ते म्हणाले, "चलेगा, टायगर चलेगा." मी त्यांना वाघ केला. पण वाघ आला म्हटलं की आमच्या लोकांना पहिल्यांदा गोठा आठवतो. वाघ डरकाळी फोडत सभेत शिरला आणि समोरची एक बाई ओरडली, "माही गाय आठ दिवस झाले सापडून नाही रायली, इच्यार त्याले!" अख्खी मंडई लोळून हसली. शेठ सगळ्यांत जास्त हसले. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, वाघ एकदम फर्स्टक्लास झाला. निवडणुकीत पडले, पण माझ्यावर त्यांचा राग नाही. अजूनही भेटले की स्वतःच डरकाळी फोडतात.

सगळेच असे नव्हते. एका गावात मी बगळा आणला होता, एका ठेकेदारावर. ठेकेदार खुर्चीत बसून भजी खात राहिला, त्याला काही टोचलं नाही. उठला तो तिथल्या सोसायटीचा गटसचिव. बिचारा सरळ माणूस, पांढरे कपडे घालायची सवय, मान जरा लांब. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मास्तर, तो मी का?" मी नाही म्हणालो, शपथ घेतली. पण नियम माझाच होता आणि गाव त्या नियमात तयार झालेलं होतं. ज्याने विचारलं तो बगळा. त्या दिवसापासून तो बगळा झाला आणि निवृत्त होईपर्यंत बगळाच राहिला. लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक म्हणायचे, बगळ्याकडे भाजी न्या. त्याने मला कधी दोष दिला नाही. रस्त्यात भेटला की नमस्कार करायचा. त्याची मी माफी मागायला हवी होती. ती राहिली आणि आता तो नाही.

एवढं सगळं करून माझा सर्वांत गाजलेला मुखवटा म्हणजे कासव. त्याला मी पायजम्याच्या कापडाची लांब मान केली होती आणि आतून दोरी होती. कोणी प्रश्न विचारला की नट दोरी ओढायचा आणि मान सर्रकन पाठीत जायची. "साहेब, रस्ता कधी होणार?" मान आत. "साहेब, बिल कुठे गेलं?" मान आत. शेवटी सगळी जनावरं मिळून कासवाला उलटं पाडायची आणि ते हातपाय हलवत पडून राहायचं. त्या उलट्या कासवाला बघून लोक उड्या मारून हसायचे. चार मंडया मी तेच कासव फिरवलं. गावाप्रमाणे खूण तेवढी बदलायची. आमचा टेकचंद कासव व्हायचा. त्याच्या अंगात कासव इतकं मुरलं होतं की घरी बायकोने काही विचारलं तरी तो मान आत घ्यायचा म्हणे.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी इंदूताई माझ्याकडे आल्या. सालेकसा तालुक्यात, कचारगडच्या बाजूला त्यांचं गाव. तिथल्या बचत गटाच्या त्या अध्यक्ष. एवढ्या लांबून गाडी बदलत बदलत आल्या होत्या आणि चहाला हात लावायच्या आधी त्यांनी काम सांगितलं.

गावात जुना मालगुजारी, म्हणजे जमीनदारांच्या काळातला, तलाव आहे. खालच्या सगळ्या बांध्या, म्हणजे धानाची वाफ्यावाफ्यांची शेतं, त्याच्या पाण्यावर. पाणी वाटपाची समिती आहे आणि तिच्या अध्यक्षाने तलावाच्या पोटातच धान लावलं आहे. तलाव भरला की त्याचं धान बुडतं. म्हणून त्याने सांडव्याची भिंत हातभर फोडून खाली केली. जास्तीचं पाणी जिथून वाहून जातं ती जागाच खाली गेल्यावर तलाव भरणार कसा? लोंबी भरायच्या वेळी खालची शेतं कोरडी.

"मंडई झाल्यावर तिसऱ्या दिवशी ग्रामसभा आहे," इंदूताई म्हणाल्या. "सांडवा परत बांधाचा ठराव ठेवला आमी. पन हात वर होत नाही मास्तर. सगळे आपआपल्या घरी बोलतेत. सभेत तो असा पाहते ना, का साऱ्यायचे हात मांडीखाली."

"मग मी काय करू?"

"एकडाव लोकायले हासवून द्या. हासलं का भेव जाते. यंदा नाही झालं त पुढच्या सालीबी आमचं धान पान्याबिगर वारते."

मी लगेच हो म्हणालो. मनात कासव तयारच होतं. तलावात कासव, मान आत घेणारा अध्यक्ष, सगळं कसं फिट्ट. नव्या गावाचं काम घेतलं की एक दिवस तिथे जाऊन चहाच्या टपरीवर बसून यायचं, ही माझी जुनी सवय होती. त्या वर्षी मी गेलो नाही. मुखवटा तयार आहे, सोंग पाठ आहे, कशाला जायचं? यशाने माणूस आळशी होतो तो असा.

मंडईच्या दिवशी टेम्पोत पेट्या टाकून गोंदिया, आमगाव करत आम्ही सकाळी पोचलो. समाजमंदिराच्या ओसरीवर ताडपत्री घातली आणि मुखवटे ओळीने मांडले, उन्हात जरा कोरडे व्हावेत म्हणून. बेडूक, म्हैस, बगळा, मधोमध कासव. बाया-पोरं बघायला जमली. तेवढ्यात एक म्हातारी बाई गर्दीतून पुढे आली. काठी बाजूला ठेवली, कमरेची पुरचुंडी सोडली, कासवाच्या समोर हळद-तांदूळ ठेवले आणि खाली वाकून जमिनीला डोकं टेकलं.

टेकचंद हसला. "माय, कागदाचा होय तो."

"कागदाचा असो का दगडाचा," ती म्हणाली, "आमच्या कुराचा देव होय, बापा." मग माझ्याकडे वळली. "याचं का दाखवता?"

गोंड समाजात एकेका कुळाचं एकेक जनावर किंवा पाखरू किंवा झाड असतं. त्याला ते कुळ मारत नाही, खात नाही, त्याचा मान ठेवतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझा जन्म याच जिल्ह्यातला. पण चार मंडया ज्या गावांत कासव फिरलं ती आमच्याकडची गावं होती आणि इथे येताना हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आता तिला काय सांगणार होतो? की तुमचा देव चोर दाखवतो?

"शेवटी त्याला उलटा पाडतो," मी कसंबसं म्हणालो.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मला समजावून सांगावं तशी म्हणाली, "त्याले उलटा नको पाडू. उलटा पाडला का तो मरते."

मी इंदूताईंना शोधलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "मले आधी सांगतलं असतं त मीच नाही म्हनली असती. अर्धं गाव कासवाले मानते, मास्तर! तुमी त्याले उलटा पाडला ना, त ते अर्धे उठून जातीन आन ग्रामसभेत उलटे आमच्याच इरोधात बसतीन." माझा तिसरा नियम असा माझ्याच गळ्यात आला. सोंगाला दोन तास उरले होते.

आम्ही ओसरीवरच बसलो. म्हातारी बाईही बसली. तिचं नाव बिरजाबाई. मी म्हटलं, कासव नको तर घोरपड करतो.

"ते माह्या माहेरची," बिरजाबाई म्हणाली.

"मग वाघ?"

"वरच्या टोल्यातल्या वस्तीत वाघाले मानतेत."

"बगळा?"

"त्याले माननारे सोयरे आले आहेत ना आज मंडईले."

मी एकेक जनावर काढत गेलो आणि ती एकेक घर सांगत गेली. हट्ट म्हणून नाही, जसं आहे तसं सांगत होती. माझी पेटी तोकडी पडली. एकतीस वर्षं मी ज्यांना उचलून कोणाच्याही डोक्यावर चढवत आलो, ती सगळी इथे कोणाच्या तरी घरची होती. शेवटी मी हात टेकले आणि तिलाच विचारलं की मग चोर कोणाला करू.

ती क्षणभरही थांबली नाही. "माणूस घे ना," ती म्हणाली. "तो कोनाचाच देव नाही."

काठी घेऊन ती निघून गेली. टेकचंदला मी म्हटलं, मुखवटा ठेव, आज उघड्या तोंडाने अध्यक्ष करायचा. तो उभा राहिला. "मास्तर, माह्या साळ्याची बायको या गावची. मुखवटा घालून तुम्ही सांगान ते करतो. उघड्या तोंडानं जमत नाही." त्याचं बरोबर होतं. बाकीच्यांनाही विचारलं, सगळ्यांची मान आत. इंदूताई हळू आवाजात म्हणाल्या, "त्या बाई कोन होत्या, मालूम आहे का तुमाले?"

"बिरजाबाई."

"अध्यक्षाची माय होय ते."

मी म्हटलं, तिला ठाऊक होतं का सोंग कोणावर आहे ते? इंदूताई म्हणाल्या, "गावात कोनाले मालूम नाही?"

तेव्हा कळलं की आता मलाच उभं राहावं लागणार. मी लिहिणारा माणूस. एकतीस वर्षांत एकदाही मी रिंगणात उतरलो नव्हतो. ढोलकीच्या मागे बसून ओळ विसरलेल्याला ओळ सांगायची, एवढाच माझा प्रवेश. पण त्या माउलीने स्वतःच्या पोराला पाठीशी न घालता सगळ्यांच्या देवांची लाज राखली होती आणि मी मागे बसणं मला शोभलं नसतं.

सोंग सुरू झालं. पुढच्या रांगेत, खुर्चीवर, गळ्यात हार घालून अध्यक्ष बसलेला. धिप्पाड गडी, वय पन्नाशीच्या आसपास. बेडूक, म्हैस, बगळा आले. पाणी नाही म्हणून रडले. मग टेकचंद कासव होऊन आला. मी कासवाला तळ्याचा म्हातारा केला होता, सगळ्यांचं ऐकणारा. लोकांनी त्याला हात जोडले. आणि मग मी गेलो, माझ्याच सदऱ्यात, माझ्याच चष्म्यात.

कासवाने विचारलं, "माणसा, पानी कायले सोडून रायला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पुढची ओळ गेली. मीच लिहिलेली. टेकचंदला निदान दोरी असायची. माझ्याकडे आत ओढायला मान नव्हती. मी उभाच. कोणी हसलं नाही. सगळ्यांचे डोळे माझ्यावरून अध्यक्षावर आणि अध्यक्षावरून परत माझ्यावर. इंदूताईंना हवं असलेलं हसू तर दूरच, भीती आणखी घट्ट झाली. सोंग माझ्या हातून मरत होतं आणि मला ते दिसत होतं.

तेवढ्यात अध्यक्ष उठला. "मास्तर," तो मोठ्यानं म्हणाला, "माही बहीण तुमच्या बाजूच्या गावात देली आहे. तुमच्या गावच्या तराव्याच्या पोटात कोनाचं धान आहे, ते सांगा ना आधी."

इथे मला एक गोष्ट सांगायलाच हवी. आमचं घराणं तळी बांधणाऱ्यांचं. आमच्या गावचा तलाव आमच्या पूर्वजांनी बांधला, हे आम्ही पाहुण्यांना पहिल्या चहाबरोबर सांगतो. आणि त्याच तलावाच्या काठाकडून आत सरकत सरकत माझ्या बापाने एका कोरड्या वर्षी दोन बांध्या काढल्या. पुढे त्या मी केल्या. दर वर्षी केल्या. पूर्वजांनी बांधलेलं आपलंच आहे, अशी मनाची समजूत घालून. कोल्हे लिहिताना, बगळे लिहिताना ते धान मी खात होतो.

मुखवटा असता तर हा प्रश्न कोणी विचारला नसता. कासवाला कोण विचारणार, तुझं गाव कोणतं? मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या मागे, बायांमध्ये, त्याची आई बसली होती. खोटं बोलायची सोय उरली नव्हती.

"माझं," मी म्हणालो. "दोन बांध्या. माझंच धान आहे."

गर्दीत कोणीतरी म्हणालं, "हट्! हा बी तसाच!"

आणि मंडई फुटली. असं हसू मी लिहून कधी मिळवलं नाही. बाया पदर तोंडात धरून हसत होत्या, म्हातारे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. सगळे मला हसत होते. मला हसता हसता त्यांचं बोट अध्यक्षाकडे वळलं आणि त्यालाही हसायला लागले, त्याच्या तोंडावर, नाव घेऊन. अध्यक्ष उभाच होता. त्याच्या मिशीखाली काहीतरी हललं आणि तोही हसला. टेकचंद खरा कलावंत. कासवाच्या आतून ओरडला, "मंग दोघंही बाहेर निघा ना, बापा! आमाले पोहू द्या!"

मी तिथेच म्हणालो, मी निघतो, बांध्या सोडतो. सोंगातलं वाक्य नव्हतं ते. अध्यक्ष खुर्चीत बसला.

ग्रामसभेच्या संध्याकाळी इंदूताईंचा फोन आला. ठराव वाचला गेला तेव्हा पुन्हा सगळ्यांचे हात मांडीखाली म्हणे. मग बिरजाबाईंनी हात वर केला, लेकाच्या अगदी बाजूला बसून. त्यानंतर दुसरा, तिसरा, मग मोजता येईनात इतके. अध्यक्षाने स्वतः हात वर केला नाही, पण उठूनही गेला नाही. ग्रामसेवक मोजायला लागले तेव्हा तोच म्हणाला, "मोजता कायले? लिहा." पावसाळ्याच्या आधी गावाने श्रमदानाने सांडवा बांधला. इंदूताईंनी मोबाईलवर फोटो पाठवला. त्यात अध्यक्ष मातीची पाटी उचलताना दिसतो.

फोन ठेवताना इंदूताईंनी विचारलं, "आन तुमचं, मास्तर?"

माझं असं की मला आमच्या ग्रामपंचायतीला बांध्या सोडण्याचा अर्ज लिहायचा होता. भावाने बोलणं टाकलं, कारण आम्ही सोडलं की शेजाऱ्यांनाही सोडावं लागणार आणि सगळे त्याला विचारणार. एकतीस वर्षांचा लिहिण्याचा हात माझा, पण 'मी' लिहून पुढचं वाक्य सुचायला दुपार झाली. बायकोने अर्ज वाचला आणि म्हणाली, "बरं लिहिलंत. छोटं आहे." पाणी आत येऊ दिलं आणि दोन्ही बांध्या त्या पावसाळ्यात पाण्याखाली गेल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? चांगली जमीन होती.

सोंगं लिहिणं मी सोडलेलं नाही. जनावरंही येतात, पण आता कोणत्याही गावात आधी जाऊन विचारतो की इथे कोण कोणाचं आहे. आता लोक मोबाईलवर पुढाऱ्यांना गाढवाचं तोंड लावून पाठवतात. लावणाऱ्याचं तोंड मात्र दिसत नाही.

पुढच्या दिवाळीनंतर मी त्या गावच्या मंडईला गेलो, काम नव्हतं, नुसता पाहुणा म्हणून. दंडार दुसऱ्या कोणाची होती. बिरजाबाई बायांमध्ये चटईवर बसली होती. डोळ्यांवर हात धरून तिने मला निरखलं आणि रामराम नाही, काही नाही, सरळ विचारलं.

"सोडली का बांधी?"

"सोडली," मी म्हणालो.

"मंग बस," ती म्हणाली आणि सरकून तिने मला जागा करून दिली.